मावशींच्या पायाची विचारपूस

आमच्या ह्यांच्या नावावर आयुष्यभरात एकच लेख आहे. डॉक्टर लोकांच्या बैठकीत कुणी विचारलंच, तर हे शांतपणे "एक" म्हणतात आणि चष्मा पुसायला घेतात. समोरचा माणूस लगेच हवापाण्याचं बोलायला लागतो. ह्यांना त्याचं काही वाटत नाही. मला वाटतं, आणि चांगलंच वाटतं, कारण माझा स्वभाव पहिल्यापासून तापट. म्हणून तो एक लेख कुठवर गेला आणि दुसरा का झाला नाही, हे मीच लिहून ठेवते. ह्यांच्या भरवशावर राहिले तर ते कधीच लिहून व्हायचं नाही.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची ही गोष्ट, मोठ्या दुष्काळाच्या जरा आधी सुरू झालेली. हे पुण्याच्या एका महाविद्यालयात सार्वजनिक आरोग्याच्या विभागात होते. नोकरी मुदतीची, कायम नव्हती. विभागानं त्यांना नारूच्या अभ्यासासाठी पाथर्डीला पाठवलं आणि पाठोपाठ मीही संसाराची ट्रंक घेऊन एस.टी.तून उतरले. माझं माहेर संगमनेरचं, प्रवरेच्या काठी वाढलेली मी. पाथर्डीला आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी धुण्याचं पाणी अंगणात ओतून दिलं, तेव्हा शेजारीण माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू मी दूधच सांडलं होतं. त्यानंतर धुण्याचं पाणी भांड्यांना आणि भांड्यांचं पाणी लिंबाच्या झाडाला घालायला शिकले.

नारू आता राहिला नाही, त्यामुळे नव्या माणसांना तो समजावून सांगावा लागतो. दोऱ्यासारखा लांब किडा, पायावर फोड येऊन त्यातून बाहेर निघतो. ओढला तर तुटतो आणि आत सडतो, म्हणून काडीला गुंडाळत रोज थोडाथोडा बाहेर काढायचा. माणूस त्यात महिना महिना अंथरुणाला खिळतो. हा किडा येतो पाण्यातून. पायऱ्यांच्या विहिरीत बाई घागर बुडवायला घोटाभर पाण्यात उतरते, तिच्या पायातला नारू पाण्यात आपली पिल्लं सोडतो, आणि ते पाणी जो पितो त्याच्या पायातून वर्षभरानं तोच दोरा बाहेर येतो. यावरचा उपाय पोरालाही कळेल इतका सोपा. पायऱ्या बुजवायच्या, वर कठडा बांधायचा आणि रहाटानं पाणी शेंदायचं, म्हणजे पाण्यात पाय पडायला नको.

ह्यांचं काम दोन वाड्यांत चालायचं. एक वरची वाडी, एक खालची. दोन्हीकडे पायऱ्यांच्या विहिरी, दोन्हीकडे घरटी नारू. पहिल्या उन्हाळ्यात ह्यांनी दोन्ही वाड्यांत घरोघर फिरून रोगी पाहिले आणि लेख लिहिला, की हे सगळं पायऱ्यांमुळे होतंय. त्याच उन्हाळ्यात वरच्या वाडीची विहीर बांधून घेतली. खालच्या वाडीची मुद्दाम तशीच ठेवली. गाळून पाणी प्या, हे दोन्हीकडे सांगून झालं होतं. फरक फक्त विहिरीचा. वरच्या वाडीत नारू थांबला आणि खालच्या वाडीत चालू राहिला, तर दुसऱ्या लेखात ते सिद्ध होणार होतं. एका उन्हाळ्यावर कुणी विश्वास ठेवायचं नाही, ओळीनं दोन हवेत, असं पुण्याहून विभागप्रमुखांनी कळवलं होतं. पुढचं वाक्यही स्वच्छ होतं: दुसरा लेख झाला तर कायम करता येईल, नाही तर मुदत संपली की दुसरीकडे बघावं.

खालच्या वाडीतल्या एका बाईंचा पाय पहिल्या लेखात होता. वय चाळिशीचं, पण सगळी वाडी त्यांना मावशी म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागले. त्यांच्या घरची माणसं दरवर्षी दसऱ्यानंतर बैलगाडीनं ऊसतोडीला देवळाली प्रवराकडे जायची. मावशीही पूर्वी नवऱ्याबरोबर जोडीनं ऊस तोडायला, कोयत्यावर जायच्या. नारूनं पाय धरल्यापासून त्या दोन शेळ्या घेऊन मागे राहायच्या आणि नवरा भावकीतल्या दुसऱ्या कुणाला जोडीला घ्यायचा. हे त्यांच्या मनाला फार लागलेलं होतं. पायाचा फोटो काढायचाय म्हटल्यावर त्या पायातली जोडवी राखेनं घासून, लखलखीत करून आल्या. फोटोत गुडघ्याच्या खालचा पाय, काडीला गुंडाळलेला नारू आणि ती जोडवी एवढंच आलं. चेहरा आला नाही म्हणून थोड्या हिरमुसल्या, पण जोडवी छान निघाली म्हणून माफ केलं.

लेख मी टाइप केला. भाड्याच्या मशीनवर, ज्याचं एक अक्षर दर वेळी वर उडी मारायचं. दिवाळीच्या सुमारास तो छापून आला आणि मासिकानं त्याच्या सुट्या प्रतींचं एक पुडकं पाठवलं. आता म्हणे कुणाचा लेख किती जणांनी वाचला, किती जणांनी आपल्या लेखात त्याचा हवाला दिला, हे बसल्या जागी कळतं. तेव्हा ते पोस्टमनकडून कळायचं. ज्याला लेख हवा तो लेखकाला कार्ड पाठवायचा: आपल्या अमुक लेखाची एक प्रत कृपया पाठवावी. बहुतेक कार्डं छापील, फक्त लेखाचं नाव हातानं भरलेलं. आपण एक प्रत पाकिटात घालून पाठवायची, एवढाच व्यवहार.

पहिलं कार्ड जपानहून आलं. मग इराण, सुदान, रशिया, घाना. पोस्टमन प्रत्येक कार्ड हातात देण्याआधी त्यावरचं तिकीट उन्हात धरून बघायचा आणि देशाचं नाव मोठ्यानं वाचायचा, त्यामुळे आमच्या गल्लीला आमच्याआधी कळायचं. हे वरवर काही दाखवत नसत, पण कार्ड आलं की जेवताना एक भाकरी जास्त खात. मी ते बघत असे आणि मला फार बरं वाटायचं.

मावशी आठवडे बाजाराला आल्या की आमच्या ओट्यावर टेकायच्या. एकदा त्या बसलेल्या असतानाच पोस्टमन दोन कार्डं देऊन गेला. काय आहे म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तुमच्या पायाचा फोटो ज्यात छापलाय ना, ते कागद बाहेरच्या देशातले डॉक्टर मागतात. मावशींनी कार्ड हातात घेतलं आणि उलटंसुलटं केलं. मग हळूच म्हणाल्या, "एवढ्या लांबनं पायाची इचारपूस करत्यात व्हय?"

तसं नाही, त्यांना लेख हवाय, हे मी समजावून बघितलं. पण मावशींचा हिशोब सरळ होता. पाय त्यांचा, कार्ड पायासाठी आलेलं, म्हणजे माणसं समाचाराला आली. दसऱ्यानंतर अर्धी वाडी ऊसतोडीला गेलेली. जवळचं असं विचारायला मागे कुणी उरलेलं नसायचं. अशा दिवसांत जपान आणि सुदान पायाची चौकशी करतात म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते पुसून टाकण्याची माझी हिंमत झाली नाही. खरं सांगायचं तर तशी इच्छाही झाली नाही.

पण प्रकरण तिथं थांबलं नाही. त्यांच्या वाडीत एक रीत होती. आजारपणात जो समाचाराला येऊन जातो, त्याला बरं वाटल्यावर आपण होऊन निरोप धाडायचा, सोबत गुळाचा खडा द्यायचा. निरोप गेला नाही तर दुखणं दारातून हलत नाही, असं मानत. तोवर मावशींचा पाय भरून आलेला होता, त्या चप्पल घालून बाजारात फिरत होत्या. पुढच्या बाजाराला त्या पदरात गूळ आणि बोरं बांधून घेऊन आल्या आणि हे जपानला धाडा म्हणाल्या. बोरं पोचेपर्यंत सडतील एवढं त्यांना पटलं. निरोप मात्र गेलाच पाहिजे, यावर त्या अडून बसल्या.

मग मी प्रत्येक प्रतीच्या कोपऱ्यात शाईनं इंग्रजीत लिहायला लागले: चित्रातल्या बाईंचा पाय आता बरा आहे, त्यांनी आपल्याला नमस्कार सांगितला आहे. ह्यांनी ते पाहिलं आणि कपाळाला हात लावला. हा शास्त्रीय लेख आहे, लग्नपत्रिका नव्हे, असं म्हणाले. मी म्हटलं, टायपिंग माझं, तिकिटं चिकटवणं माझं, तर कोपराही माझा. हे हसले आणि पुन्हा त्या विषयावर बोलले नाहीत. गूळ आम्ही दोघांनी चहात घालून संपवला.

कुणी उत्तर देईल असं मला वाटलंच नव्हतं. संक्रांतीनंतर घानाहून पत्र आलं. लिहिणारे डॉक्टर तिकडच्या एका खेड्यातल्या दवाखान्यात होते. त्यांच्याकडेही नारू, त्यांच्याकडेही पाण्यात उतरून पाणी भरतात. त्यांनी लिहिलं होतं, की कोपऱ्यातली ओळ मी माझ्या रोगी बायकांना वाचून दाखवली. भारतातल्या बाईचा पाय बरा झाला हे ऐकून त्यांना धीर आला आणि त्यांनीही नमस्कार सांगितला आहे. मी ते पत्र मावशींना मराठीत सांगितलं. त्यांनी पुन्हा सांगायला लावलं. त्या दिवसापासून त्या बाजाराला आल्या की आधी विचारायच्या, घानाच्या बाया बऱ्या आहेत का.

फाल्गुनात होळीच्या आसपास मावशी आल्या त्या शेजाऱ्याच्या बैलगाडीत आडव्या होऊन. दुसरा पाय सुजला होता, अंगात ताप, घोट्यावर फोड. आदल्या वर्षीच्या पाण्यातला नारू निघाला होता. ह्यांनी त्यांना ओट्यावर घेतलं, पाय धुतला, फोडातून दोऱ्याचं टोक काढून काडीला लावलं. वेदना भयंकर असतात, पण मावशी नुसत्या तोंड फिरवून पडल्या होत्या. मी चुलीपाशी होते आणि मला सगळं ऐकू येत होतं.

मावशींना कसलं वाईट वाटत होतं ते थोड्या वेळानं त्या बोलल्या तेव्हा कळलं. त्यांना ते दुखण्याचं नव्हतं. पाय बरा झाल्याचा निरोप देशोदेशी गेला होता आणि आता तो खोटा ठरला होता. एवढ्या माणसांपुढे आपण खोट्या पडलो, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी ह्यांना विचारलं, वरच्या वाडीत यंदा नारू पुष्कळ कमी झालाय म्हणतात, त्यांची विहीर तुम्ही बांधली, आमची कधी बांधणार?

ह्यांना काहीही सांगता आलं असतं. सिमेंट मिळत नाही, गवंडी मिळत नाही. पण ह्यांना खोटं बोलता येत नाही, संसारात त्याचा मला पुष्कळ त्रास झालेला आहे. त्यांनी खरं ते सांगितलं. दोन वाड्यांची तुलना करायची आहे, म्हणून तुमची विहीर तशी ठेवलीय, आणखी एक उन्हाळा ठेवावी लागेल.

मावशी मग म्हणाल्या, "म्हंजी आमचं दुखनं मोजल्याबिगर तुमचं काम पुरं हुत न्हाई."

"नाही होत," हे म्हणाले.

"आन् न्हाई झालं तर?"

मला राहवलं नाही. मी आतूनच म्हटलं, नोकरी जाईल. हे ऐकून मावशी भडकतील, निदान रडतील असं मला वाटलं, आणि त्यांना तो हक्क होता. पण त्या इतक्या सहज बोलल्या, की जणू शेजारणीला चाळणच द्यायची होती.

"मंग ऱ्हाऊ द्या आनखी येक वरीस. आमास्नी सवय हाय. तुमचं काम व्हऊ द्या, डाक्टर. फकस्त त्या घानाच्या बायास्नी खरं कळवा, पाय अजून बरा न्हाई म्हनावं. त्या बिचाऱ्या आशेवर असतील."

ह्यांचा हात थांबला. काडी हातात होती, दोरा तुटू द्यायचा नव्हता. त्यांनी ती हळूच पायाला बांधली, पट्टी गुंडाळली, मावशींच्या डोक्याखाली माझी उशी ठेवली आणि अंगणात लिंबाखाली जाऊन उभे राहिले. जेवायला हाक मारली तर आले नाहीत. मी पंचवीस-सव्वीस वर्षांची होते आणि ह्यांच्यावर माझं प्रेम होतं, हे मला माहीत होतं. पण किती होतं, ते पाठमोऱ्या ह्यांच्याकडे बघताना त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे गवंड्याला सायकलवर डबलसीट घेऊन खालच्या वाडीला गेले. मला विचारलं नाही. मी भडकले. विहीर बांधू नये असं माझं म्हणणं मुळीच नव्हतं; पण भाड्याचं घर माझंही होतं, नोकरी गेली तर ट्रंक मलाच भरायची होती, मग मला विचारायला काय झालं होतं? दोन-चार दिवस मी ह्यांच्याशी कामापुरतंच बोलले. मग एके दुपारी दशम्या आणि चटणी बांधून मीही वाडीवर गेले. वाडीतले म्हातारे, बायका, जे कुणी मागे राहिले होते ते सगळे दगड वाहत होते. हे पायऱ्यांवर माती लोटत होते, डोक्यापासून पायापर्यंत धुळीनं माखलेले. माझा राग कुठं गेला मला कळलं नाही. मीही पाट्या उचलायला लागले.

सगळ्यांत जास्त चिडल्या त्या मावशी. पाय बांधलेल्या अवस्थेत काठी टेकत विहिरीवर आल्या आणि ह्यांना सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. मी हो म्हटलं होतं, तरी स्वतःचं काम का मोडून घेतलं, असं त्यांचं म्हणणं. हे ऐकत ऐकत माती लोटत राहिले. विहीर झाल्यावर काही दिवस बाकीच्या बायकाही बोल लावायच्या, कारण बुडवून भरायची घागर आता शेंदून भरावी लागत होती आणि हात भरून यायचे. उपकार केलेत असं कुणीच म्हटलं नाही.

ह्यांनी पुण्याला कळवलं, की खालच्या वाडीची विहीर बांधली आहे, तुलना आता शक्य नाही. उत्तर दोन ओळींचं आलं. मुदत संपली तशी नोकरीही संपली. हे तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर म्हणून लागले आणि आम्ही पाथर्डीतच राहिलो. लेख लिहिणं सुटलं ते सुटलंच.

घानाला मी खरं ते कळवलं. तिकडच्या डॉक्टरांनी मावशींच्या पायासाठी मलमाचं नाव लिहून पाठवलं, जे आमच्याकडे मिळत नव्हतं, पण मावशींना त्याचंच अप्रूप. आता बरं वाटल्याचा निरोप घाईनं धाडायचा नाही असं त्यांनी ठरवलं. कधी धाडायचा, हे त्यांनी ह्यांनाच विचारलं. नारूला वर्ष लागतं, त्यामुळे दोन उन्हाळे थांबा, असं ह्यांनी सांगितलं.

पुढच्या उन्हाळ्यात खालच्या वाडीत जे थोडे नारू निघाले ते जुन्या पाण्याचे. त्याच्या पुढचा उन्हाळा दुष्काळाचा. त्याच विहिरीत टँकरचं पाणी ओतत आणि बायका कठड्यावरून ते शेंदत. त्या साली वाडीत खायचे वांधे होते, माणसं खडी फोडायला जात होती, पण नारू एकालाही निघाला नाही. पहिला पाऊस होऊन गेल्यावर मावशी आल्या. पदराच्या गाठीत गुळाचा एवढासा खडा होता. तशा दिवसांत तो त्यांनी कुठून आणला, हे मी विचारलं नाही. "धाडा आता," म्हणाल्या.

जुनी कार्डं मी चिवड्याच्या डब्यात ठेवली होती. ती सगळी काढून एकेका पत्त्यावर लिहिलं: चित्रातल्या बाईंचे दोन्ही पाय बरे आहेत. या वेळी खात्री करून कळवत आहोत. त्यांच्या वाडीची विहीर बांधली, तेव्हापासून तिथला नारू गेला. हे शेजारी बसून पाकिटांवर पत्ते लिहीत होते.

साधारण वर्षानं घानाहून एक जाड पाकीट आलं. त्या डॉक्टरांचा स्वतःचा लेख. शेवटी संदर्भांच्या यादीत ह्यांच्या लेखाचं नाव होतं, तसं ते तोवर आणखी कुठे कुठे आलंही होतं. पण मजकुरात मध्येच एक वाक्य होतं. भारतातल्या दुष्काळी भागातल्या एका वाडीतही विहिरीच्या पायऱ्या बुजवल्यावर रोग थांबला, असं त्यात लिहिलेलं आणि खाली टीप: भारतीय लेखकाच्या पत्नीच्या पत्रावरून. हे दारात उभे राहूनच वाचत होते. वाचून झाल्यावर पायरीवर बसले आणि कागद माझ्याकडे दिला. त्यांचे डोळे भरलेले होते. माझेही भरले.

मावशींना बाजाराच्या दिवशी मी ते वाक्य वाचून दाखवलं. आपल्या विहिरीचं त्यात आलंय हे त्यांना आवडलं, पण त्यांनी विचारलं ते घानाच्या बायकांचं. लेखात होतं, की तिकडेही आता पाणी भरायच्या जागा बांधून काढतायत. मी तसं सांगितलं. मग त्या निवांत झाल्या आणि चहा मागितला.

त्या वर्षी दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या गाड्या आमच्या रस्त्यानं निघाल्या. एका गाडीत नवऱ्याशेजारी मावशी बसल्या होत्या. मला ओट्यावर बघून त्यांनी पाय गाडीबाहेर काढला, जोडवी घासून लखलखीत केलेली होती.

"घानाला कळवा," त्या म्हणाल्या, "कोयत्यावर चाललीया म्हनावं."

मी त्याच दिवशी पत्र टाकलं.